कोकणातलं बंद कौलारू घर विकत घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका जोडप्याला रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीतलं चिऱ्याचं कौलारू घर पसंत पडलंय. ११ गुंठे आवार, विहीर, आंब्याची सहा कलमं. घर सहा वर्षं बंद आहे. मालक म्हणजे तीन भाऊ आणि दोन बहिणी; त्यांतला एक भाऊ आणि एक बहीण आता हयात नाहीत, बाकीचे मुंबईत. मध्यस्थ म्हणतो, "दोघे भाऊ सह्या करतील, बहिणींचा काही प्रश्न नाही," आणि दोन लाख रुपये टोकन मागतोय. घर सुट्टीपुरतं नकोय, कायम राहायला हवंय. घ्यावं का, आणि घ्यायचं तर काय तपासावं?

घर घ्यावं. नीट शाकारलेलं, म्हणजे कौलं नीट बसवलेलं, चिऱ्याचं घर पिढ्यान्‌पिढ्या उभं राहतं, उन्हाळ्यात गार राहतं आणि त्याची दुरुस्ती गावातल्या सुताराला आणि गवंड्याला जमते. पण टोकन आत्ता देऊ नका. अशी घरं बुडतात ती पाण्यापायी किंवा वाटणीपायी, आणि या दोन्हींचा अंदाज पैसे देण्याआधी जवळजवळ पूर्ण घेता येतो. त्यासाठी घर दोनदा बघावं लागतं, एकदा मेच्या मध्यावर आणि एकदा जुलैत. बहुतेक लोक दिवाळीत किंवा नाताळच्या सुट्टीत घर बघतात. तेव्हा विहिरीत पाणी असतं, भिंती कोरड्या असतात, आवार हिरवं असतं, म्हणजे दोष दिसायचे तेवढे सगळे झाकलेले असतात.

आधी वारस, कारण इथे अडलं तर बाकीचं तपासून उपयोग नाही.

कागद घेऊन सह्या मोजायला बसा. घर आणि जमीन वडिलांच्या नावावर होती आणि मृत्युपत्र नाही, असं धरू. हयात दोन भाऊ आणि एक बहीण, या तीन सह्या. गेलेल्या भावाची पत्नी आणि समजा दोन मुलं, तीन. गेलेल्या बहिणीचा नवरा आणि दोन मुलं, आणखी तीन. आई हयात असेल तर तिची एक. म्हणजे आई नसली तरी नऊ सह्या होतात, आणि मध्यस्थ तुम्हाला दोन सांगतोय. घर आजोबांच्या नावावर असेल आणि चुलत्यांशी वाटप झालेलं नसेल, तर हा आकडा वीस-पंचवीसवर सहज जातो.

"बहिणींचा प्रश्न नाही" हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबायचं. हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या कुटुंबात वडिलांच्या वाट्यात मुलीचा हक्क १९५६ पासून आहेच. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच हिस्सेदार, आहे, हे २००५ च्या दुरुस्तीने आलं, आणि त्यासाठी ती दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेलं वाटप मात्र त्या दुरुस्तीने मोडत नाही, म्हणून जुनं नोंदणीकृत वाटणीपत्र असेल तर ते आधी मागा. बहिणीने हक्क सोडला असं कोणी म्हणालं, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा म्हणायचं. तलाठ्यासमोरचा जबाब, शंभराच्या स्टॅम्पवरचं संमतीपत्र, किंवा सातबाऱ्यावर नाव नसणं, यातल्या कशानेही तिचा हक्क जात नाही. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकी त्याने ठरत नाही.

मग उरलेल्यांच्या सह्या नंतर घेऊ, तोवर दोघा भावांचा हिस्सा तरी घेऊन ठेवू, असा मोह होतो. राहत्या घराच्या बाबतीत हा मार्ग जवळपास निरुपयोगी आहे. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा परक्याने घेतला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला त्या घरात सामायिक ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा केला, तर १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ खाली बाकीचे वारस तुमचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेऊ शकतात. पैसे अडकतात आणि घर मिळत नाही.

सगळे मुंबईत असतील तर एकजण मुखत्यार होऊन येईल. त्याला हरकत नाही, पण मुखत्यारपत्र नोंदणीकृत हवं, त्यात हाच गट नंबर आणि विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा, आणि ज्यांनी ते दिलंय ते खरेदीखताच्या दिवशी हयात हवेत. फोन करून प्रत्येकाशी एकदा बोला. आवाज ऐकला की कोण मनापासून तयार आहे आणि कोणाला भावाने दामटलंय ते कळतं. वारसांत कोणी अज्ञान असेल, तर न्यायालयाच्या परवानगीचं आधी वकिलाकडून ठरवून घ्या. घर वडिलोपार्जित असेल, तर हयात भावांच्या सज्ञान मुलामुलींना मान्यता देणारे म्हणून दस्तात घ्यावं. कुटुंब मुस्लिम किंवा ख्रिस्ती असेल तर हिस्से वेगळ्या कायद्याने ठरतात, पण सगळ्यांच्या सह्या हव्यात हे तिथेही तसंच.

आता जमीन. घाटावर घरं बहुधा गावठाणात असतात. कोकणात ती वाडीवाडीत विखुरलेली आहेत, त्यामुळे घराखालची जमीन बऱ्याचदा सातबाऱ्यावरची शेतजमीनच असते. मध्यस्थ जो कागद पहिल्यांदा दाखवतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंद. घर कोणाच्या नावे आकारलंय एवढंच त्यातून कळतं. जमीन कोणाची ते कळत नाही. घर एकाचं आणि जमीन दुसऱ्याची, असं कोकणात सर्रास आढळतं. खोती १९५० च्या सुमारास कायद्याने गेली, पण जुन्या मालकाचं नाव आणि इतर हक्कांत कुळाचं नाव अशा नोंदी आजही सातबाऱ्यांवर आहेत.

तेव्हा चालू सातबारा, ८ अ, आणि जितके मागचे मिळतील तितके जुने सातबारे व फेरफार तहसील कार्यालयातून काढा. भोगवटादार वर्ग १ (विकायला मोकळी) आहे की वर्ग २ (विकायला सरकारी परवानगी लागणारी) ते बघा. इतर हक्कांच्या रकान्यात कुळ, बोजा, सोसायटीचं कर्ज, पुनर्वसन किंवा वन असा एक शब्द जरी असला तरी त्याचा फेरफार काढून वाचा. जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल तर त्या कायद्याचं विक्रीवर बंधन घालणारं कलम ४३ लागू होतं. ३२ म चं, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचं, प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील, तर २०१४ च्या दुरुस्तीनंतर आकाराच्या (सातबाऱ्यावरच्या शेतसाऱ्याच्या) चाळीसपट रक्कम भरून विक्री करता येते. ही रक्कम किरकोळ असते, पण ती न भरता केलेली खरेदी अडकते. सिंधुदुर्गात घर बघत असाल तर सावंतवाडी-दोडामार्गाकडे वनसंज्ञेची (खासगी जमीन वन म्हणून धरल्याची) नोंद आणि आंबोली, गेळे, चौकुळ या गावांत कबुलायतदार गावकर, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामायिक, जमिनीचा प्रश्न आधी तपासा.

आणि तुमच्याबद्दलचा प्रश्न: तुमच्यापैकी कोणाच्या नावावर महाराष्ट्रात शेतजमीन आहे का? नसेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येणार नाही. एकाच्याच नावे असेल तर खरेदी त्याच्या नावे करावी. दोघांच्याही नावे नसेल, तर घराखालचा भाग बिनशेती आहे का किंवा घर गावठाणात आहे का यावर सगळं अवलंबून आहे. गावठाणातलं असेल तर मिळकत पत्रिका मागा. ड्रोन मोजणी झालेल्या गावांत ती तयार असते. क्षेत्रफळाचं म्हणाल, तर ११ गुंठे स्वतंत्र गट किंवा पोटहिस्सा असेल तर ठीक. मोठ्या गटातून तोडून देणार असतील, तर तुकडेबंदीचा, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा पाडू न देणारा, नियम आडवा येतो. त्यात अलीकडे बदल झालेत, म्हणून त्या तालुक्यात दस्त करणाऱ्या वकिलाकडूनच सध्याची स्थिती घ्या.

मोजणी करून घ्याच. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज मालकाकडून करवा, खर्च तुम्ही द्या. जुना गडगा (दगडी कुंपण) आणि नकाशावरची हद्द यांत चार-पाच फुटांचा फरक असणं नेहमीचं आहे. कधी न्हाणीघर किंवा विहीरच शेजाऱ्याच्या गटात निघते. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात आली की तीच खरेदीखताला जोडा. वाट कुठून आहे तेही नकाशावर बघा. पाणंद सरकारी आहे की भावबंदांच्या अंगणातून आहे? वीस वर्षांची विनाहरकत वहिवाट असली तर हक्क सांगता येतो, पण नवा मालक आला की जुन्या वाटेवर काटेरी कुंपण पडतं. वाट, विहिरीवरचा हक्क आणि कलमं या तिन्हींचा उल्लेख खरेदीखतात शब्दाने हवा. कोकणात जमीन एकाची आणि त्यातलं झाड दुसऱ्याचं असू शकतं; सहा कलमांपैकी दोन चुलत्यांची आहेत हे आंबा उतरवायच्या दिवशी कळू नये.

इथपर्यंत समाधान झालं की घराकडे या. जुलैत जा, आणि पाऊस पडत असतानाच माळ्यावर चढा. खाली दिवे बंद करा, पाच मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, मग वर बघा. जिथे उजेडाचा ठिपका दिसतो तिथून पाणीही येतं. पण ठिपक्यांपेक्षा डाग जास्त सांगतात. वाशावर, म्हणजे छपराच्या उतरत्या लाकडावर, काळपट, कडेला पांढुरका असा ओघळ असेल तर तिथे वर्षानुवर्षं पाणी येतंय.

एका फुटक्या कौलामुळे काय होतं ते क्रमाने सांगतो, कारण बंद घर असंच जातं. माकडाच्या उडीने किंवा पडलेल्या फांदीने कौल फुटतं. त्याखालची रीप, म्हणजे कौल टेकतं ती आडवी लाकडी पट्टी, एका पावसात भिजते, दुसऱ्या पावसात मऊ होते. रीप वाकली की त्या ओळीतली वरची दोन-तीन कौलं सरकतात आणि आता पाणी वाशावर पडायला लागतं. वाशावरून ते उताराने खाली भिंतीच्या माथ्याशी येतं, जिथे वासा टेकलेला असतो. तिथे हवा लागत नाही, म्हणून वाशाचं टोक आतून कुजतं आणि बाहेरून धड दिसतं. जुनी भिंत चिऱ्याची असली तरी चिरे मातीत बसवलेले असतात. माथ्यावरून पाणी आत शिरलं की ती माती सांध्यांतून धुऊन जाते, भिंतीचा मधला भाग फुगतो आणि एखाद्या आषाढात कोपरा खाली बसतो. हे सगळं व्हायला सहा वर्षं पुरेशी आहेत. म्हणून वाशाची टोकं एकेक करून तपासायची. बोथट दाभण किंवा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि भिंतीलगत जोर लावा. चांगल्या लाकडात टोक जेमतेम रुतेल. अर्धा इंच सहज आत गेलं तर तो वासा बाद. हातोडीच्या दांड्याने ठोका. खणखणीत आवाज चांगला, बद्द आवाज म्हणजे आत पोकळ.

लाकूड कोणतं आहे ते सुताराला विचारा. साग, शिसव, ऐन, किंजळ, फणस असेल तर वरवरची कीड तासून काढून तेच लाकूड पुन्हा वापरता येतं. नंतरच्या दुरुस्तीत घातलेले माडाचे किंवा आंब्याचे वासे मात्र कोरडे ठेवले नाहीत तर लवकर जातात. भुंग्याची कीड चालू आहे की जुनी, हे ओळखायला सोपा उपाय आहे. भोकांखालची जमीन झाडून घ्या, वर्तमानपत्र पसरा, आठवड्याने बघा. फिकट, मैद्यासारखी ताजी भुकटी पडली असेल तर कीड जिवंत आहे. वाळवी वेगळी. ती जमिनीतून येते आणि भिंतीवरून मातीच्या नळ्या करत चढते. मातीत बांधलेल्या भिंतीत तिला आतूनच वाट असते, त्यामुळे भिंत स्वच्छ दिसली तरी चौकटींच्या तळाशी दाभण लावून बघा.

तुळया विसरू नका. तुळई नुसतं माळ्याचं ओझं घेत नाही; समोरासमोरच्या दोन भिंतींना ती बांधून ठेवते. ती टोकाला कुजली की छपराचा भार वाशांवाटे भिंतींना बाहेर ढकलतो. लांब भिंतीच्या वरच्या तिसऱ्या भागात आडवी भेग आणि भिंत बाहेर कललेली दिसली, तर कारण बहुधा हेच असतं. ओळंबा सोडून मोजा. दहा फुटांत इंचभर फरक जुन्या भिंतीत चालतो. तीन इंच असेल किंवा भिंतीला पोट आलं असेल, तर तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधण्याचा खर्च धरा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी, वर रुंद आणि खाली निमुळती भेग असेल तर पाया एका बाजूने बसलाय. अशा भेगेवर दोन्ही बाजूंना पेन्सिलीची खूण करून तारीख घाला. मेमधल्या आणि जुलैमधल्या भेटीत अंतर बदललं, तर हालचाल अजून चालू आहे.

कौलांचा हिशोब. मंगलोरी कौलं दर १०० चौरस फूट पाख्याला (छपराच्या उतरत्या बाजूला) साधारण १४० ते १५० लागतात. पागोळीसकट ३० बाय ४० फुटांचं छप्पर असेल, तर उतार धरून पाखी सुमारे १,४०० चौरस फूट भरतात, म्हणजे दोन हजारांच्या आसपास कौलं. एका कौलाचं वजन अडीच किलोच्या आसपास धरलं तरी हा पाच टनांचा भार आहे, आणि पावसात कौल पाणी पितं तेव्हा आणखी वाढतो. जुनी कौलं फेकू नका. उतरवून, घासून, एकेक वाजवून बघा. चांगली निघतील ती पुढच्या पाख्याला लावा आणि नवी मागच्या. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत, म्हणून एका पाख्यावर एकाच छापाची लावावीत. रिपांचं अंतर हातातल्या कौलावरून ठरवावं. जुनं माप धरून नवी कौलं घेतली की सांधा उघडा राहतो आणि वाऱ्याच्या पावसात आत तुषार येतात.

कौलं काढून पत्रे टाकायचा सल्ला गावातच मिळेल. माकडांचा उपद्रव असेल तर तो समजण्यासारखा आहे, पण नुसता पत्रा दुपारी तापतो, पावसात बोलणं ऐकू येऊ देत नाही, आणि हलका असल्याने वादळात उचलला जातो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मंडणगड-दापोली पट्ट्यात कौलं आणि पत्रे दोन्ही गेले. कौलाची फुटलेली ओळ दुसऱ्या दिवशी बदलता येते, उडालेला पत्रा मात्र दुसऱ्याच्या घरावर जाऊन पडतो. माकडं फार असतील तर खाली पत्रा, मध्ये रीप ठेवून हवेला जागा, आणि वर कौलं असं करावं. पागोळीच्या आणि कडेच्या ओळी तारेने बांधाव्यात. या भिंतींवर स्लॅबचा विचार करू नका. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर तो भार टाकणं धोक्याचं आहे.

भिंतीला सिमेंटचा गिलावा आहे का बघा. जांभा, म्हणजे चिऱ्याचा दगड, सच्छिद्र असतो, जमिनीतली ओल वर ओढतो आणि चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून ती हवेत सोडतो. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आणखी वर चढते आणि चार फुटांवर पोपडे सुटतात. मग मालक विकण्याआधी ऑइलपेंट मारतो. जोत्यालगतचा रंग नवा आणि वरचा जुना असेल तर कारण विचारा. उपाय आहे, महाग नाही, पण वेळखाऊ आहे: सिमेंट खरवडून काढायचं, एक उन्हाळा भिंत उघडी वाळू द्यायची, मग चुना.

घराच्या मागे जा. डोंगराकडच्या बाजूला वर्षानुवर्षं माती वाहून येऊन जोत्यापेक्षा उंच झालेली असते, आणि त्या खोलीत कायम ओल असते. बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा निदान दीड फूट खाली हवी. माती उपसून, घरापासून तीन-चार फुटांवर उताराचा चर काढून पाणी दोन्ही अंगांनी बाहेर नेलं की अर्धी ओल जाते. पण मागची दरडच कापून जागा केलेली असेल, वर भेगा असतील, झाडं पुढे कललेली असतील किंवा पावसात दरडीच्या पायथ्याशी नवा झरा फुटत असेल, तर ते घर सोडून द्या. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळियेत दरडीखाली वाडी गेली. हा धोका दुरुस्तीने जात नाही. त्याच आठवड्यात चिपळूण बुडालं होतं, म्हणून घर नदीजवळ असेल तर त्या पुराची रेषा शेजाऱ्यांच्या भिंतीवर बघून घ्या. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या निर्बंधांचा, नकाशा तपासा. तिथे जुन्या अधिकृत घराची डागडुजी साधारणपणे आहे त्या जोत्यावर करता येते, वाढवता येत नाही. कुठेही असो, जोतं पाडून नवं बांधायचं ठरवलं की आजच्या परवानग्यांचे सगळे नियम लागू होतात. जुनं घर उभं ठेवून दुरुस्त करण्यात हाही फायदा आहे.

मेमधली भेट विहिरीसाठी. दोरीला दगड बांधून तळ आणि पाण्याची पातळी मोजा. दहा फूट व्यासाच्या विहिरीत चार फूट पाणी असेल तर ते सुमारे ८,९०० लिटर होतं. दोघांच्या घराला दिवसाला तीनशे लिटर धरले तर साठा भरपूर आहे, पण खरा प्रश्न झऱ्याचा. संध्याकाळी पंप लावून पातळी दोन फुटांनी उतरवा आणि सकाळी किती भरली ते बघा. पूर्ण भरली तर निश्चिंत. सहा इंचही चढली नसेल तर नळजोडणी आहे का, आणि मेमध्ये नळाला किती दिवसांआड पाणी येतं ते विचारा. खाडीपट्ट्यात मेचं पाणी चाखून बघा. पावसाळ्यात गोड लागणारी विहीर तेव्हा मचूळ होते. पाण्याची तपासणी सरकारी प्रयोगशाळेत करून घ्या.

शौचालय जुन्या घराला बहुधा नंतर जोडलेलं असतं, आणि खड्डा कुठे आहे ते कोणाला नक्की आठवत नाही. जांभ्याच्या भेगांतून सांडपाणी लांब जातं, म्हणून शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. वाळवीच्या औषधालाही हेच अंतर पाळा. भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेवर फुटा-फुटावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध सोडतात. ते काम माहीतगाराकडून, कोरड्या दिवसांत आणि विहिरीची बाजू सांभाळून करवा.

वीज नव्याने ओढावी लागेल, तो खर्च धरूनच चला. लाकडी पट्टीतलं जुनं वायरिंग पूर्ण काढा, ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, आणि अर्थिंग मेमध्ये तपासा, कारण कोरड्या जांभ्यात ते हमखास कमी पडतं.

किमतीची बोलणी सुताराचा आणि गवंड्याचा लेखी अंदाज हातात आल्यावरच करा. गृहकर्ज लागणार असेल तर ग्रामपंचायत हद्दीतल्या जुन्या घराला बँक देते का, हे आधी विचारा. बऱ्याच बँका कचरतात. वकिलाकडून मालकीच्या दस्तांचा ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या, एका स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या, आणि मगच नोंदणीकृत साठेखत (खरेदीआधीचा करार) करून पैसे द्या, सगळे बँकेतून. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेणं आयकर कायद्यात बसत नाही. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. मुद्रांक शुल्क गावच्या दराप्रमाणे.

एक गोष्ट कुठल्याच कागदावर नसते. घरात देव आहेत का, आणि गणपती कोणाचा? भावबंदांचा सामायिक गणपती मूळ घरात बसत असेल, तर दर भाद्रपदात तीस-चाळीस माणसं त्या घरात येतात आणि ते त्यांना आपलं घर वाटतं. घर विकलं म्हणून ही भावना संपत नाही, आणि ती तुडवून तुम्हाला त्या वाडीत सुखाने राहता येणार नाही. सगळ्यांना एकत्र बसवून देव कुठे नेणार, गणपती कोणाकडे बसणार, आवारातल्या राखणदाराच्या घुमटीला वर्षातून एकदा कोण येणार, हे बोलून घ्या. चार ओळींत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या तर उत्तम. घुमटी हलवू नका.

खरेदी दिवाळीनंतर पूर्ण झाली, तर पहिलं काम छपराचं: लाकूड, रिपा, शाकारणी, मागचा चर. हे मृगाच्या आत संपवा. आतल्या फरशा, रंग, स्वयंपाकघराचे ओटे यांना पहिल्या वर्षी हात लावू नका. भिंतींना नुसता चुना मारा आणि पहिला पावसाळा तिथे राहा. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक भिंतीवर ओल जिथपर्यंत चढली तिथे पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा, कुठे थेंब पडला तिथे जमिनीवर खडूने गोल काढा. गवंड्याला दिवाळीनंतर बोलवा, आणि कुठल्या भिंतीला गिलावा करायचा, कुठली आणखी एक उन्हाळा उघडी ठेवायची, ते या रेघा दाखवून ठरवा.